सव्वापाच कोटींची हॅट आणि तुमची पाच हजारांची बोली: ऑनलाइन लिलावात जुनी टोपी खरी आहे हे कसं ओळखायचं?

ऑगस्ट २०२४ मध्ये लॉस एंजेलिसला एका लिलावात एक तपकिरी फेल्ट हॅट ६ लाख ३० हजार डॉलरला विकली गेली. त्या वेळच्या दराने सव्वापाच कोटी रुपयांच्या वर. हॅट होती १९८४ च्या 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' या सिनेमातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'द विझार्ड ऑफ ऑझ' या १९३९ च्या सिनेमातल्या चेटकिणीची काळी टोकदार टोपी २९ लाख ३० हजार डॉलरला गेली, म्हणजे जवळपास पंचवीस कोटी रुपये. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये फ्रान्समध्ये नेपोलियनची दोन टोकांची टोपी १९ लाख ३२ हजार युरोला विकली गेली होती.

अशा बातम्या आल्या की त्यांची रील्स बनतात. मग लोक ईबे किंवा एट्सी उघडून 'व्हिंटेज फेडोरा' असं सर्च करतात आणि समोर हजारो लिस्टिंग येतात. स्टेटसन, बोर्सालिनो, 'फ्रॉम माय ग्रँडफादर्स इस्टेट', 'रेअर', '१९४०ज'. किंमत चाळीस-पन्नास डॉलर, वेळ संपायला सहा मिनिटं बाकी. बोट आपोआप 'प्लेस बिड'कडे जातं.

थांबा. ते बटण दाबण्याआधी एक गोष्ट समजून घेऊया. कोट्यवधींच्या त्या टोप्या आणि तुमच्या स्क्रीनवरची हॅट यांत कापडाचा किंवा फेल्टचा फार मोठा फरक नाही. फरक आहे पुराव्याचा. आणि फोटोत हॅट दिसली म्हणजे पुरावा दिसला असं होत नाही.

पैसे टोपीचे नाहीत, पुराव्याचे

इंडियाना जोन्सच्या हॅटचंच बघा. तशाच आकाराच्या, तशाच रंगाच्या परवानाधारक हॅट सिनेमा आल्यापासून दुकानांत विकल्या गेल्या आहेत. आजही मिळतात. मग एक हॅट कोटींत का? ती लंडनच्या हर्बर्ट जॉन्सन या टोपीवाल्या कंपनीने खास सिनेमासाठी बनवली होती, आतल्या चामड्याच्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत 'आय जे' ही आद्याक्षरं होती आणि ती त्या सिनेमात काम केलेल्या एका स्टंटमनच्या मालमत्तेतून आली होती. कुणी बनवली, आत काय खूण आहे, कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली, या तीन गोष्टी एकमेकींशी जुळत होत्या.

दुसरं उदाहरण बेसबॉलचं. बेब रूथ या दिग्गज खेळाडूची १९३४ ची एक कॅप डेव्हिड वेल्स नावाच्या पिचरने सुमारे ३५ हजार डॉलरला विकत घेतली होती. जून १९९७ मध्ये तो ती घालून चक्क सामन्यात उतरला. एक इनिंग झाल्यावर मॅनेजरने ती काढायला लावली आणि अडीच हजार डॉलरचा दंड ठोकला. २०१२ मध्ये हीच कॅप लिलावात ५ लाख ३७ हजार डॉलरच्या वर गेली. दंड झाला खरा, पण ती कॅप कधी कुणाकडे होती हे अख्ख्या जगाने पाहिलं होतं.

वस्तू कुठून आली, मध्ये कुणाकडे होती, याच्या या साखळीला लिलावाच्या जगात 'प्रोव्हेनन्स' म्हणतात. सातबारावर जमिनीच्या मालकीच्या नोंदी असतात ना, साधारण तसंच. फक्त टोपीचा सातबारा कुठलंही सरकारी ऑफिस ठेवत नाही. तो विकणारा स्वतःच सांगतो, आणि घोटाळा इथेच सुरू होतो.

'खरी' म्हणजे नक्की काय?

नवीन खरेदीदार विकणाऱ्याला विचारतो, 'ही ओरिजिनल आहे ना?' उत्तर येतं, 'येस, हंड्रेड परसेंट.' हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न लपलेले आहेत:

१. ही हॅट खरंच सांगितली तेवढी जुनी आहे का?
२. ती सांगितलेल्या कंपनीची आणि सांगितलेल्या दर्जाची आहे का?
३. तिच्याबद्दलची कहाणी, म्हणजे कुणी घातली, कुठून आली, ती खरी आहे का?

तिन्हींचे पुरावे वेगळे असतात. हॅट खरंच १९४५ ची असेल, पण लेबल दुसऱ्या हॅटचं काढून चिकटवलेलं असेल. हॅट आणि लेबल दोन्ही अस्सल असतील, पण 'हॉलिवूड स्टारने घातलेली' ही थाप असेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणून तिसऱ्याचे पैसे द्यायचे नाहीत, हा या छंदाचा पहिला नियम.

आणि हो, 'व्हिंटेज' या शब्दावर जाऊ नका. एट्सीच्या नियमाप्रमाणे वीस वर्षांपेक्षा जुनी वस्तू व्हिंटेज म्हणून विकता येते. म्हणजे २००४ ची कॅपही व्हिंटेज! 'व्हिंटेज स्टाइल' किंवा 'व्हिंटेज इन्स्पायर्ड' लिहिलं असेल तर ती नवीच आहे, आणि तसं लिहिणारा खोटंही बोललेला नाही. आपणच घाईत पुढचा शब्द वाचत नाही.

पहिला प्रश्न: वय किती? उत्तर आतल्या बाजूला

हॅटचं बाहेरचं रूप सगळ्यात कमी विश्वासाचं. सिनेमा-नाटकांसाठी नव्या हॅट मुद्दाम मळवून, झिजवून जुन्या दाखवतात. त्यामुळे धूळ, डाग, चुरगळलेला काठ यावरून वय ठरत नाही. खरी माहिती आतल्या चामड्याच्या पट्टीमागे असते. डोक्याला टेकणारी ही पट्टी म्हणजे स्वेटबँड. ती उलटवली की मागे कागदी चिठ्ठ्या सापडतात: साइझची, मॉडेल नंबरची आणि अमेरिकन हॅट असेल तर कामगार युनियनची.

युनियनचं लेबल हा फार कामाचा धागा आहे. 'युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका' ही संघटना १९३४ मध्ये दुसऱ्या संघटनेत विलीन झाली आणि नवं नाव आलं, 'युनायटेड हॅटर्स, कॅप अँड मिलिनरी वर्कर्स'. तीही १९८३ मध्ये आणखी मोठ्या युनियनमध्ये मिसळली. म्हणजे लेबलवर जुनं नाव असेल तर हॅट साधारण १९३४ च्या आधीची, नवं नाव असेल तर १९३४ ते १९८३ मधली. विकणारा 'नाइन्टीन ट्वेंटीज' म्हणतोय आणि आत 'कॅप अँड मिलिनरी' लिहिलंय, तर एक तर त्याला माहीत नाही किंवा तो तुम्हाला खुळ्यात काढतोय.

पत्त्यावरूनही वय काढता येतं. हॅटच्या खोक्यावर किंवा दुकानाच्या शिक्क्यावर अमेरिकन पत्ता असेल तर तो नीट वाचा. शहराच्या नावानंतर एक-दोन आकडी झोन नंबर असेल, तर असे नंबर १९४३ पासून वापरात आले. पाच आकडी झिप कोड १९६३ मध्ये सुरू झाला. झिप कोड असलेलं खोकं १९५० चं असूच शकत नाही. फक्त खोकं आणि हॅट एकाच जोडीची आहेत का, हा प्रश्न उरतोच.

एक स्वस्त साधनही आहे: काळ्या प्रकाशाची, म्हणजे यूव्ही टॉर्च. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद आणि कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला लागले. ती यूव्ही प्रकाशात निळसर चमकतात. १९३० ची म्हणून घेतलेल्या हॅटमधलं लेबल लख्ख चमकलं तर शंका घ्या. पण उलटं खरं नाही. चमकलं नाही म्हणजे जुनंच, असं नाही. शिवाय आजच्या डिटर्जंटमध्येही असली रसायनं असतात, त्यामुळे नंतर धुतलेलं जुनं कापडही चमकू शकतं. एक चाचणी म्हणजे निकाल नव्हे.

दुसरा प्रश्न: कंपनी आणि दर्जा

स्टेटसन कंपनी १८६५ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली. एकेकाळी तिच्या कारखान्यात पाच हजारांवर कामगार होते. तो कारखाना १९७१ मध्ये बंद पडला. नाव मात्र टिकलं आणि परवान्यावर इतर ठिकाणी, इतर देशांतही हॅट बनत राहिल्या. त्यामुळे 'स्टेटसन आहे म्हणजे जुनी आणि भारी' हे गणित चुकीचं. इटलीतल्या अलेस्सांद्रिया गावची बोर्सालिनो १८५७ ची, पण ती आजही हॅट विकते. नुसत्या नावावरून वय कळत नाही.

मग येतो 'एक्स'चा घोळ. काउबॉय हॅटवर '३ एक्स', '४ एक्स', '१० एक्स' असे दर्जाचे शिक्के असतात. आपल्याला वाटतं, सोन्याच्या कॅरेटसारखं काहीतरी प्रमाण असेल. तसं नाही. प्रत्येक कंपनी आपापले एक्स ठरवते आणि वर्षं जातील तशी त्यांची किंमत घसरत गेली आहे. जुन्या काळी '३ एक्स' ही चांगली, वरच्या दर्जाची हॅट मानली जायची. आज '४ एक्स' म्हणजे खालची पायरी. जुन्या ३ एक्सला कमी समजून सोडून देणारे आणि नव्या ४ एक्सला जास्त पैसे मोजणारे, दोघेही एकाच गैरसमजात अडकतात.

सगळ्यात चतुर फसवणूक म्हणजे जोडकाम. एका फाटक्या पण भारी हॅटमधली पट्टी आणि अस्तर काढायचं आणि साध्या हॅटमध्ये बसवायचं. लेबल अस्सल, हॅट दुसरीच. हे पकडायच्या तीन जागा:

• शिवणीची भोकं: पट्टी काढून पुन्हा शिवली असेल तर फेल्टमध्ये जुन्या टाक्यांची रिकामी भोकं दिसतात.
• घामाचा डाग: पट्टीवर जिथे घामाचा डाग आहे, तिथेच फेल्टवर आणि रिबनवर तो उतरला आहे का? पट्टी काळवंडलेली आणि फेल्ट कोरं, हे जमत नाही.
• रिबनखालचा रंग: बाहेरची रिबन हळूच वर उचलली की खालचं फेल्ट उन्हापासून वाचलेलं असतं, म्हणून ते गडद दिसतं. वर्षानुवर्षं तीच रिबन असेल तर गडद पट्ट्याची कड बरोबर रिबनच्या कडेला मिळते. रिबन बदललेली असेल तर दोन सीमा दिसतात.

शेवटची खूण नकली तयार करणं फार कठीण, कारण ती घडायला वर्षं लागतात. आणि नेमका हाच फोटो लिस्टिंगमध्ये जवळपास कधीच नसतो. मागावा लागतो.

तिसरा प्रश्न: कहाणी

२०२१ मध्ये बोनहॅम्स या लिलाव कंपनीने नेपोलियनची म्हणून एक टोपी मांडली. तिची गोष्ट गंमतशीर आहे. तेव्हाच्या मालकाने ती जर्मनीतल्या एका छोट्या लिलावात घेतली होती, तेव्हा विकणाऱ्यांनाही ती कुणाची हे माहीत नव्हतं. आतलं लिखाण पाहून मालकाला शंका आली. मग तिची तपासणी झाली, आत सापडलेल्या केसांची डीएनए चाचणी झाली, आणि त्यात नेपोलियनशी जुळणारी खूण मिळाली.

यात आपल्यासाठी धडा काय? इथे आधी वस्तूवर खूण सापडली आणि मग कहाणी तयार झाली. ऑनलाइन लिस्टिंगमध्ये बहुतेक वेळा उलटं असतं: आधी कहाणी, आणि मग तिला शोभेल अशी वस्तू. 'आजोबांच्या पेटीत सापडली' हे वाक्य कुणीही टाइप करू शकतं. म्हणून कहाणी ऐकली की एकच विचारा: हे दाखवणारं काय आहे? त्या माणसाचा ती हॅट घातलेला फोटो, ज्यात एखादा डाग किंवा टाका आजच्या हॅटशी जुळतो? जुनी पावती? आधीच्या लिलावाची नोंद? काहीच नसेल तर कहाणीची किंमत शून्य धरा आणि फक्त हॅटचे पैसे लावा.

'सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. तो कागद कुणीही छापू शकतं. तो कुणी दिला, त्यात नक्की कशाची खात्री दिली आहे, आणि खोटं निघालं तर पैसे कोण परत देणार, हे लिहिलेलं नसेल तर ते सर्टिफिकेट लग्नपत्रिकेपेक्षा जास्त काही सांगत नाही.

फोन किती मदत करतो?

आता आपल्या कामाचा भाग.

गुगल लेन्स काय करतं? सारखं दिसणारं शोधून देतं. मॉडेलचं नाव, तशाच लोगोची चित्रं, यासाठी झकास. पण सारखं दिसणं हाच तर नकली वस्तूचा धंदा आहे! लेन्सने 'स्टेटसन' सांगितलं म्हणजे फोटोत स्टेटसनसारखं काहीतरी आहे, एवढंच. एआय चॅटबॉटला फोटो दाखवून 'खरी का?' विचाराल तर तो ठामपणे उत्तर देईल, पण त्याने ना फेल्टला हात लावलाय, ना पट्टी उलटवलीय. त्याला दुसरं काम द्या: 'या लेबलवरचा मजकूर वाच, या कंपनीबद्दल काय काय तपासायला हवं ते सांग.' आणि मग ते स्वतः तपासा.

तेच फोटो आधी कुठे वापरले आहेत का, हे बघायला रिव्हर्स इमेज सर्च उपयोगी. जुन्या लिस्टिंगचे फोटो चोरून नवी लिस्टिंग लावणारे यात सापडतात. 'फोटोची तारीख एक्झिफ डेटात बघा' असा सल्ला बऱ्याच व्हिडिओंत असतो. तो इथे चालत नाही, कारण बहुतेक मोठ्या साइट्स फोटो अपलोड होतानाच ही माहिती काढून टाकतात.

आणि एआय एडिटिंगने खेळ बदलला आहे. आधी लेबल बनवायला छापखाना लागायचा. आता फोटोतल्या साध्या हॅटच्या आत भारी लेबल घालायला काही सेकंद पुरतात. त्यामुळे विकणाऱ्याने निवडलेला फोटो बघत बसू नका, तुम्ही सांगाल तो फोटो मागा. म्हणजे कसा? पट्टी उलटवलेली, शेजारी हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर आजची तारीख आणि तुम्ही दिलेला एखादा शब्द. किंवा दहा-पंधरा सेकंदांचा सलग व्हिडिओ, ज्यात हॅट बाहेरून दाखवत आत जायचं, पट्टी उलटवायची, चिठ्ठी दाखवायची, मग रिबनची कड उचलायची. प्रामाणिक विकणाऱ्याला यात पाच मिनिटं जातात. टाळाटाळ झाली तर तेच तुमचं उत्तर.

बोली लावताना डोकं थंड ठेवा

ईबेवर बोली आपोआप वाढते, याला प्रॉक्सी बिडिंग म्हणतात. समजा हॅट ४० डॉलरवर आहे. तुम्ही कमाल १२० डॉलर टाकलेत आणि दुसऱ्या कुणाची कमाल मर्यादा ७५ आहे. मग तुमची बोली १२० वर जात नाही, ती ७६ वर थांबते. सिस्टिम समोरच्यापेक्षा फक्त एक पायरी वर नेते. म्हणून एकदाच, शांतपणे ठरवलेली खरी मर्यादा टाकायची आणि ॲप बंद करायचं.

बरेच जण शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतात. याला स्नायपिंग म्हणतात आणि ईबेवर ते नियमबाह्य नाही. याचा फायदा असा की समोरच्याला ईर्ष्येने बोली वाढवायला वेळ मिळत नाही. तोटा असा की नेट गेलं तर हॅट गेली.

नियमबाह्य आहे ते शिल बिडिंग. विकणाऱ्याचाच मित्र किंवा दुसरं खातं खोटी बोली लावून किंमत वर नेतं. बोलींचा इतिहास उघडा. नावं झाकलेली असतात, पण फीडबॅक शून्य असलेलं खातं थोडं-थोडं वाढवत तुमच्या मर्यादेपर्यंत येतंय आणि मग गप्प बसतंय, असं दिसलं तर सावध व्हा. लिलाव हरल्यावर 'जिंकणाऱ्याने माघार घेतली, व्हॉट्सॲपवर या, स्वस्तात देतो' असा मेसेज आला तर अजिबात जाऊ नका. साइटबाहेर पैसे दिले की साइटचं संरक्षण संपलं. ईबेच्या मनी बॅक गॅरंटीत वर्णनाशी न जुळणारी वस्तू आली तर साधारण ३० दिवसांत तक्रार करता येते, पण फक्त साइटवरच पैसे भरले असतील तर. ईबेची तज्ज्ञांकडून तपासणीची सोयही आहे, मात्र ती मुख्यतः स्नीकर्स, महागडी घड्याळं, हँडबॅग अशा गोष्टींसाठी. जुन्या फेल्ट हॅटची तपासणी तुमचीच जबाबदारी.

किंमत योग्य आहे का हे बघायला मागितलेल्या किमती बघू नका. फिल्टरमध्ये 'सोल्ड आयटम्स' लावा. मागायला कुणीही पाचशे डॉलर मागेल. किती मिळाले, ते बघा.

भारतातून घेत असाल तर

ईबे इंडिया ही आपल्याकडची साइट ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. आता घ्यायचं ते परदेशी साइटवरून. म्हणजे हॅटची किंमत, आंतरराष्ट्रीय शिपिंग, कस्टम ड्युटी, कर, कुरियरची हाताळणी फी आणि कार्डवरचा परकीय चलनाचा चार्ज. हॅट चेपू नये म्हणून खोकं मोठं लागतं, आणि कुरियरवाले नुसतं वजन नाही, खोक्याचा आकारही मोजतात. चाळीस डॉलरची हॅट दारात येईपर्यंत सहज दुप्पट-तिप्पट महाग पडू शकते. कमाल बोली ठरवताना आधी हे सगळं वजा करा. मोठ्या लिलावगृहांत आणखी एक फी असते, बायर्स प्रीमियम. चेटकिणीच्या टोपीच्याच लिलावात सिनेमातल्या लाल बुटांवर शेवटची बोली २ कोटी ८० लाख डॉलरची होती, पण फी धरून बिल झालं ३ कोटी २५ लाख!

पार्सल आलं की न थांबता अनबॉक्सिंगचा व्हिडिओ करा. खोक्यावरच्या लेबलपासून पट्टीमागच्या चिठ्ठीपर्यंत, मध्ये कट न करता. तक्रार करायची वेळ आली तर हाच तुमचा पुरावा.

एक धोका, जो लिस्टिंगमध्ये लिहिलेला नसतो

पूर्वी सशाच्या केसांचं फेल्ट करताना ते केस पाऱ्याच्या क्षारात भिजवायचे. त्याने केस एकमेकांत घट्ट गुंततात. पण त्याची वाफ कामगारांच्या मज्जासंस्थेवर परिणाम करायची: हात थरथरणं, चिडचिड, विसराळूपणा. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी या हॅटच्या गावात तर या थरथरीला 'डॅनबरी शेक्स' असंच नाव पडलं. अमेरिकेत फेल्टसाठी पारा वापरणं डिसेंबर १९४१ मध्ये थांबवलं गेलं. त्याआधीच्या हॅटमध्ये पारा आजही शिल्लक असू शकतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून संग्रहालयांत अशा टोप्या हातमोजे घालून हाताळतात.

म्हणजे घाबरून छंद सोडायचा का? नाही. पण इतकी जुनी फेल्ट हॅट रोज घालायला घेऊ नका. आकार सरळ करायला यूट्यूबवर दाखवतात तशी किटलीची वाफ बंद खोलीत देऊ नका, कारण उष्णतेने पारा हवेत येऊ शकतो. लहान मुलांच्या हातात देऊ नका आणि हाताळल्यावर हात धुवा. गंमत बघा, हॅट जितकी खरी आणि जुनी, तितकी ही काळजी जास्त.

आणि तुमच्या माळ्यावर काय आहे?

आपल्याकडे अनेक घरांत आजोबा-पणजोबांची सोला हॅट असते. रेल्वेत, पोलिसांत, जंगल खात्यात नोकरी केलेल्यांची. हलकी, जाड काठाची, वर खाकी किंवा पांढरं कापड. ही शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडापासून बनायची, म्हणून ती 'सोला'. परदेशी लिस्टिंगमध्ये तिला 'सोलर' करून सूर्याशी जोडतात. त्याच लिस्टिंगमध्ये व्हिएतनामची दाबलेल्या कागदाच्या लगद्याची हेल्मेटही 'ब्रिटिश राज' म्हणून खपवली जातात. भेंडाचं आतलं अंग पांढरं, स्पंजासारखं हलकं असतं. काठाखालची किंवा आतली एखादी उसवलेली जागा पाहिली की ते दिसतं.

घरातली अशी टोपी ऑनलाइन विकायचा विचार असेल तर एक कायदा लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घेता येतं. लिस्टिंगला भाव यावा म्हणून 'दीडशे वर्षं जुनी' असं ठोकून दिलंत, तर तुम्ही स्वतःच स्वतःविरुद्ध पुरावा लिहून ठेवला.

आणि विकायची नसेल तर आजच एक काम करा. घरातल्या मोठ्यांना विचारा: कुणाची, कुठे घेतली, कोणत्या वर्षी, कोणत्या नोकरीत? त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. ती टोपी घातलेला जुना फोटो असेल तर स्कॅन करून दोन्ही एकत्र ठेवा. परदेशातल्या हॅटचा जो सातबारा तुम्ही विकणाऱ्याकडे मागणार आहात, तो तुमच्या घरात आज एखाद्या माणसाच्या आठवणीत आहे. तो माणूस असेपर्यंतच तो लिहून घेता येईल.

आणि ती सहा मिनिटं बाकी असलेली हॅट? पट्टी उलटवलेला फोटो मागा. आला तर वाचा आणि मग बोली लावा. नाही आला तर सोडून द्या. तसली दुसरी हॅट पुढच्या आठवड्यात येईलच.